बोरखळीचा तयार माळ

मुलांनो, सरळ बसा आणि खिडकीबाहेर बघणं थांबवा. आजची गोष्ट बोरखळीच्या जंगलातली आहे. हे जंगल भूगोलाच्या पुस्तकात नाही, त्यामुळे ते परीक्षेत येणार नाही. तरीही ऐका.

बोरखळीत तसं सगळं होतं. ओढा होता, मोहाची झाडं होती, करवंदाच्या जाळ्या होत्या आणि राज्य करायला एक वाघ होता. वाघ वयस्कर होता. त्याचा बराचसा वेळ झोपण्यात जाई आणि उरलेला, आपण झोपलो नव्हतो हे सांगण्यात.

एकच गोष्ट नव्हती. तिथे काम नव्हतं.

तुम्ही विचाराल, प्राण्यांना काम कशाला हवं? बरोबर आहे. पूर्वी कोणालाच नको होतं. पण शेजारच्या सागझरीच्या जंगलात हत्तींचा एक कळप येऊन राहिला आणि त्यांनी तिथे बांबूचा कारखाना काढला. माकडं बांबू सोलू लागली, रानडुकरं मुळं उकरू लागली, गवे मोळ्या वाहू लागले. संध्याकाळी प्रत्येकाला टोपलीभर कंद मिळत. कंदांची बातमी ओढा ओलांडून बोरखळीत आली आणि इथली तरणी पोरं एकेक करून तिकडे निघाली.

बोरखळीत भिवरा नावाची एक भेकरीण राहायची. भेकर म्हणजे बकरीएवढं हरीण. घाबरलं की कुत्र्यासारखं भुंकतं. भिवराचे दोन मुलगे होते, केरू आणि सुपडू. दोघंही सागझरीला गेले होते. वर्षातून एकदा, मोहाची फुलं पडायच्या दिवसांत घरी यायचे. पहिला दिवस झोपायचे, दुसरा दिवस खायचे आणि तिसऱ्या दिवशी सकाळी निघायचे.

एका वर्षी सुपडू आला तो लंगडत. मोळी पायावर पडली होती.

"दुखतंय का रे?" भिवराने विचारलं.

"चालताना दुखतं," सुपडू म्हणाला. "एरवी नाही."

तो चालत चालत परत गेला. तो दिसेनासा होईपर्यंत भिवरा बघत राहिली आणि मग तशीच दरबाराकडे निघाली. जन्मात कधी ती दरबारात गेली नव्हती. वाघापुढे उभं राहायचं म्हणजे भेकरासाठी लहान गोष्ट नाही. आधी ती दोनदा भुंकली, मग बोलली.

"महाराज, हत्ती आपल्याकडे का येत नाहीत?"

वाघाला आजवर हे कोणी विचारलं नव्हतं. त्याने खवलेसाहेबांकडे पाहिलं.

खवलेसाहेब दरबारातले मुख्य अधिकारी. जातीने खवले मांजर. त्यांच्या अंगभर टणक खवले होते, आणि कोणी प्रश्न विचारला की ते डोकं पोटात घालून अंगाचा घट्ट गोळा करायचे. असा गोळा झाला की वाघाचा पंजासुद्धा चालत नाही. म्हणूनच साहेब तीन वाघांच्या कारकिर्दीत टिकले होते.

साहेबांनी गोळा केला. तिसऱ्या दिवशी तो उघडला.

"महाराज, हत्ती मोठे असतात," ते म्हणाले. "मोठी मंडळी तयार जागेवरच येतात. आपल्याकडे तयार जागा नाही."

"मग तयार करा," वाघ म्हणाला आणि जांभई दिली. अशा रीतीने बोरखळीचं औद्योगिक धोरण ठरलं.

आता जागा कोणती घ्यायची? साहेब जमिनीला नाक लावून जंगलभर फिरले. एकीकडे खडक होते. एकीकडे घाणेरीचं रान माजलेलं होतं. सपाट, पाण्याजवळची आणि वाटेला लागून असलेली जागा एकच निघाली. तो भिवराचा माळ होता. तिची आई तिथे चरली होती, आईची आई तिथेच चरली होती. गवत पोटाला लागेल इतकं वाढायचं.

"भिवराबाई, तुमचा माळ लागेल," साहेब म्हणाले.

"आणि मी चरू कुठे?"

साहेब गोळा करायच्या बेतात होते, पण उत्तर त्यांना आधीच सुचलेलं होतं. "वरच्या खडकात. तात्पुरतं. एकदा हत्ती आले की गवताचा प्रश्नच उरणार नाही."

भिवराने या वाक्याचा चांगला अर्थ घेतला.

"माझी एकच अट आहे," ती म्हणाली. "पहिल्या दोन नोकऱ्या माझ्या पोरांना. ती घरी राहायला हवीत."

"लिहून घेतो," साहेब म्हणाले आणि पळसाच्या पानावर लिहून घेतलं. त्या पानाची फाईल झाली.

इथे मला तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. खवले मांजराचं जेवण म्हणजे वाळवी. आणि वाळवीचं जेवण म्हणजे फाईल. बोरखळीत तोवर फारसं काही लिहिलंच जात नसे, त्यामुळे साहेब हडकुळे होते. भिवराच्या फाईलला आठ दिवसांत वाळवी लागली. साहेबांनी ती मन लावून वाचली. जीभ बाहेर काढून, प्रत्येक ओळीवरून. मग त्यांनी समाधानाने डोळे मिटले आणि आणखी चाळीस पानं मागवली.

तयारी सुरू झाली.

रानडुकरांनी माळ उकरला, कारण तो सपाट करायचा होता. सपाट तो आधीपासून होता, पण उकरल्यावर खरोखरच सपाट करावा लागला. माकडांनी मधली झाडं तोडली. गव्यांनी तुडवून तुडवून एक हत्ती जाईल एवढी वाट केली. मग एका रानडुकराने शंका काढली, समोरून दुसरा हत्ती आला तर? वाट दुप्पट रुंद झाली. पाण्यासाठी तळं खणलं. मोराला स्वागताच्या नाचासाठी नेमलं. हत्ती कधी येतील ते माहीत नसल्यामुळे तो रोज सकाळी नाचू लागला. सगळ्यांना दरबाराच्या कोठारातून टोपलीभर कंद सुरू झाले.

माळाच्या तोंडाशी सागाच्या फळीची पाटी उभी राहिली. तिच्यावर लिहिलं होतं: तयार जागा. हत्तींसाठी राखीव. इतरांनी चरू नये.

पाटी वाऱ्याने पडायची म्हणून ती धरायला कोणीतरी हवं होतं. आणि चरू नये असं लिहिलेलं असलं तरी हरणांना वाचता येत नाही, म्हणून राखणीलाही कोणीतरी हवं होतं. साहेब शब्दाला जागले. त्यांनी सागझरीला निरोप धाडला.

केरू आणि सुपडू परत आले. केरूला पाटी धरायचं काम मिळालं, सुपडूला राखणीचं. त्या दिवशी भिवराला इतका आनंद झाला की तिने पोरांच्या आवडीचा कोवळा पाला शोधायला अर्धं जंगल पालथं घातलं. संध्याकाळी तिघं शेजारी शेजारी बसून रवंथ करत होती. सुपडूचा पाय बरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवरा सवयीने माळाकडे गेली. माळाच्या कडेला थोडं गवत उरलं होतं. तिने मान खाली घातली, तेवढ्यात सुपडू आडवा आला.

"आई, थांब. इथे चरायला बंदी आहे."

"अरे, मी तुझी आई."

"ते मला माहीत आहे," सुपडू म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं, पण तो हलला नाही. "पण पाटीवर तसं लिहिलेलं नाही म्हणे."

भिवरा वरच्या खडकात गेली. तिथे दोन दगडांच्या मध्ये तीन काड्या उगवत. त्या ती खायची आणि मग पुढच्या दोन दगडांकडे जायची. मुलगे घरी होते, त्यामुळे ती तक्रार करत नव्हती. फक्त वाळत चालली होती.

पावसाळा आला. माळावर पुन्हा गवत उगवलं, वाट चिखलात गेली, तळं गाळाने भरलं, पाटी वाळवीने पोखरली. म्हणजे जागा तयार राहिली नाही. ती पुन्हा तयार करावी लागली. पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा. गवत कापणारे ससे नेमले, सशांवर देखरेखीला मुंगूस नेमलं, मुंगसाच्या रजेच्या दिवसांसाठी आणखी मुंगसं नेमली. बोरखळीतून बाहेर जाणारी वाट ओस पडली. उलट सागझरीहून पोरं परत येऊ लागली. तिकडे बांबू उचलावे लागत. इथे सगळ्यात जड वस्तू पाटी होती, आणि तीही आतून पोकळ.

पाच वर्षांत तयारीच्या खात्यात तीनशे बारा प्राणी लागले. खवलेसाहेब इतके गलेलठ्ठ झाले की गोळा केला तरी शेपटी बाहेर राही.

आणि मग, मुलांनो, एका सकाळी हत्तीण आली.

तिला कोणी बोलावलं नव्हतं. सागझरीचा बांबू संपत आला होता आणि कळपाची थोरली म्हणून ती नव्या जागेच्या शोधात निघाली होती. वाटेत तिला पाटी दिसली. पाटीखाली केरू डुलक्या घेत होता.

"ही जागा तयार आहे का?" हत्तिणीने विचारलं.

केरूने डोळे उघडले. समोर चार खांब दिसले. त्याने वर पाहिलं, आणि पाटी सोडून पळाला.

घटकाभरात सगळं जंगल माळावर जमलं. मोर नाचायचं विसरला. पाच वर्षं रोज नाचला होता, नेमका त्या दिवशी विसरला. वाघ आला, खवलेसाहेब आले. वरच्या खडकातून भिवराही खाली आली.

हत्तिणीने माळ पायाखाली घालून पाहिला. वाट पाहिली, तळ्यातलं सोंडभर पाणी प्यायली.

"छान आहे," ती म्हणाली. "उद्यापासून कळप येतो. दीडशे जणांना काम देता येईल."

ससे मनातल्या मनात हिशेब करत होते. तीनशे बारा आणि दीडशे. सशांना हिशेब फारसा येत नाही, पण त्या दिवशी आला.

शेवटी एक रानडुक्कर घसा खाकरून म्हणालं, "बाई, जागा अजून तयार नाही."

"काय राहिलंय?"

"तळं हातभर उथळ आहे."

"मी खोल करून घेईन."

"वाटेच्या डाव्या बाजूला जरा उतार आहे," एक गवा म्हणाला.

"आम्हाला चालेल."

"नाच बसलेला नाही," मोर म्हणाला.

"नाच नको आहे."

मोराला ते फार लागलं. तो मागे जाऊन उभा राहिला. हत्तिणीने खवलेसाहेबांकडे मान वळवली. "साहेब, तुम्ही सांगा. मला ही जागा आहे तशी चालते. अडचण काय आहे?"

प्रश्न होता. साहेबांनी गोळा केला. पण जागा इतकी उत्तम सपाट केली होती, आणि साहेब इतके वाटोळे झाले होते, की वारा आला तसा गोळा घरंगळू लागला. दोन मुंगसांनी पळत जाऊन तो अडवला. गोळ्याच्या आतून दबका आवाज आला.

"बाई, ही तयार जागा आहे. तिच्यात कोणी राहायला आलं, की ती तयार जागा राहत नाही. मग आमची पाच वर्षांची मेहनत वाया जाते."

वाघाने मान डोलावली. त्याला हे पटलं. नीट कळलं नव्हतं, पण पटलं.

हत्तिणीने सोंडेने माळाची माती उचलून हुंगली. मग तिने विचारलं, "ही जमीन मुळात कोणाची?"

सगळ्यांनी भिवराकडे पाहिलं. हत्तिणीने सोंड खाली केली, अगदी भिवराच्या तोंडासमोर.

"बाई, तुम्ही सांगा. येऊ का आम्ही?"

भिवरा भुंकली नाही. हत्ती यावेत हे मागणं तिचंच होतं. त्यासाठी तिने आईचा माळ दिला होता. ती हो म्हणणार होती. तेवढ्यात केरू तिच्या कानाशी आला.

"आई, हो म्हणू नकोस," तो कुजबुजला. "ते बांबू उचलायला लावतात. सुपडूचा पाय आठव."

भिवराने सुपडूकडे पाहिलं. तो पाटी टेकवायला गेला होता आणि चारही पायांवर नीट उभा होता.

"जागा तयार नाही, बाई," ती म्हणाली. हत्तिणीच्या डोळ्यांकडे बघणं मात्र तिला जमलं नाही.

"बरं," हत्तीण म्हणाली. तिने भिवराच्या बरगड्यांकडे पाहिलं. "तुम्ही चरता कुठे?"

"वर. खडकात."

हत्तिणीने मान वर करून खडकांकडे पाहिलं. ती आल्या वाटेने गेली. वाट दोन हत्ती जातील एवढी रुंद होती आणि ती एकटीच चालली होती.

पुढे कानावर आलं की चार जंगलं पलीकडे, एका ओढ्याकाठी, तिला एक घोरपड भेटली. तिथे पाटी नव्हती, वाट नव्हती, तळं नव्हतं. घोरपडीने विचारलं, "बसणार का?" आणि हत्तीण बसली. आता तिकडे कारखाना चालू आहे म्हणे. अशा ठिकाणांचं नाव कोणाच्या लक्षात राहत नाही.

बोरखळीत दुसऱ्या दिवशी मोठा दरबार भरला. वाघ खुशीत होता.

"आपली जागा इतकी चांगली आहे की खरोखरची हत्तीण चालत आली," तो म्हणाला. "यापुढे एक जागा पुरणार नाही. दुसरी तयार करा."

सगळ्यांनी शेपट्या आपटल्या. दुसरी जागा म्हणजे आणखी तीनशे नोकऱ्या. खवलेसाहेब त्याच दिवशी वरच्या खडकात आले. चढ चढताना त्यांना चार वेळा बसावं लागलं.

"भिवराबाई," ते धापा टाकत म्हणाले, "हे खडक लागतील."

भिवरा दोन दगडांमधली तिसरी काडी खात होती. तिने ती सावकाश संपवली.

"साहेब," ती म्हणाली, "माळावरचं गवत आखूड हवं, असं तुमच्या फाईलमध्ये आहे ना?"

"आहे."

"मग ते आखूड आहे की नाही, हे तपासतं कोण?"

साहेबांनी गोळा केला.

पाच वर्षांपूर्वीची भिवरा माघारी गेली असती. ही भिवरा गोळ्याशेजारी बसली आणि रवंथ करू लागली. एक दिवस गेला. खडकात फायली नव्हत्या, त्यामुळे वाळवीही नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी गोळ्यातून पोट गुरगुरल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने साहेबांचं नाक बाहेर आलं.

"कोणी तपासत नाही," नाक म्हणालं.

"म्हणजे ती जागा रिकामी आहे."

"जागा तयार आहे."

"ती जागा नव्हे, साहेब. तपासणीसाची जागा."

साहेबांनी डोळे मिचकावले. तपासणीस म्हटला की अहवाल आला. रोज एक. वर्षाचे तीनशे पासष्ट. त्यांना किती वाळवी लागेल, या विचाराने त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. त्यांनी तिथल्या तिथे पळसाचं पान काढलं.

"पण गवताची उंची तुम्ही मोजणार कशी?" लिहिता लिहिता त्यांनी विचारलं.

"दातांनी," भिवरा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माळावर गेली. सुपडू सवयीने आडवा आला. तिने पळसाचं पान दाखवलं. सुपडूला वाचता येत नव्हतं, पण खाली साहेबांच्या पंजाचा ठसा होता. तो बाजूला झाला आणि त्याने शिंगं खाली करून सलाम केला. आईला सलाम करताना त्याला जरा हसू येत होतं.

भिवराने मान खाली घातली. गवत कोवळं होतं, दंवाने ओलं होतं. तिने पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिली.

"आई, कसं आहे?" सुपडूने हळूच विचारलं.

"अजून तपासतेय," भिवरा म्हणाली.

दुपारपर्यंत ती तपासत होती. दुसऱ्या दिवशी माळाचा दुसरा कोपरा तपासला. महिन्याभरात तिच्या बरगड्या दिसेनाशा झाल्या. खडकांवर दुसऱ्या जागेची तयारी जोरात चालू झाली. तिथे तिने आपल्या चुलत बहिणीला तपासणीस लावून घेतलं. रोज संध्याकाळी भिवरा एकच अहवाल देते: गवत वाढत आहे, जागा तयार होण्याच्या मार्गावर आहे, तपासणी चालू ठेवावी.

साहेब तो अहवाल जिभेवर घेऊन वाचतात आणि मंजूर करतात.

*

तात्पर्य: मुलांनो, मोठ्यांनी आपल्या दारी यावं असं वाटत असेल तर घर झाडून ठेवा. पण घर झाडण्यावरच तुमचं पोट चालत असेल, तर ते आल्यावर सांगा की अजून केर काढायचा आहे. आणि घर तुमचंच असेल व त्यात शिरायला तुम्हालाच बंदी झाली असेल, तर भांडत बसू नका. केर नीट काढला जातो की नाही, हे बघायची नोकरी मागा. ती जागा नेहमी रिकामी असते.